तंत्रज्ञानाची कसोटी : बालकाचा श्वास

'उपयोजित संशोधन' हा शब्दप्रयोग अलीकडे आपल्या कानांवर वारंवार पडतो. कामगारांची सुरक्षितता, ऊर्जेची बचत आणि पर्यावरणाचे रक्षण या तिन्ही प्रश्नांवर तंत्रज्ञान हाच उपाय आहे, असे शासनाचे अहवाल सांगतात, उद्योगांची माहितीपत्रके सांगतात आणि शालेय विज्ञान प्रदर्शनांतील प्रतिकृतीही सांगतात. त्यात असत्य काही नाही. मात्र एखादे साधन यशस्वी झाले हे कोणी व कोठे ठरवायचे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कधी ते प्रयोगशाळेत ठरते, कधी कारखान्याच्या हिशेबवहीत, तर कधी उद्घाटनाच्या दिवशीच ठरून जाते. माझ्या मते ते अखेर त्या साधनाच्या सर्वांत जवळ राहणाऱ्या सर्वांत लहान जिवाच्या छातीत ठरले पाहिजे. बालरोगतज्ज्ञाचा हा पक्षपात आहे असे कोणी म्हणेल. परंतु त्यामागे शरीरशास्त्राचे कारण आहे, आणि डिचोली-पेडण्यासारख्या तालुक्यांत त्या कारणाला आज मोठे व्यावहारिक महत्त्व आले आहे.

तान्हे मूल शरीराच्या वजनाच्या मानाने प्रौढाच्या सुमारे दुप्पट हवा आत घेते. त्याच्या फुप्फुसांतील वायुकोश जन्मतः पूर्ण झालेले नसतात. पुढील काही वर्षे ते तयार होत राहतात. चार मिलिमीटर व्यासाच्या श्वासमार्गाला सर्व बाजूंनी एक मिलिमीटर सूज आली, की हवेला जाण्याची वाट एक चतुर्थांशच उरते. ज्या सुजेने प्रौढाला नुसता खोकला येतो, तिने बाळाला धाप लागते. शिवाय ते जमिनीलगत वावरते, आपली जागा बदलू शकत नाही आणि तक्रारही करू शकत नाही. हवेतील बिघाड प्रथम त्याला कळतो आणि सर्वांत शेवटी तो आपल्या अहवालांत उमटतो. हे अंतर कमी कसे करता येईल, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

गडचिरोलीचे मणी

उपयोजित संशोधन कसे असावे, याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण मराठी मुलखातलेच आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था स्थापन करून गडचिरोली जिल्ह्यात काम सुरू केले. तेथे बालमृत्यूंचे एक प्रमुख कारण न्यूमोनिया हे होते. न्यूमोनिया ओळखण्याची सोपी कसोटी आपणा सर्वांना ठाऊक आहे : दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असेल, तर उपचार सुरू करावा. क्ष-किरण यंत्र नसले तरी चालते; सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि मोजता येणारा माणूस हवा. परंतु ज्या सुईणी घरोघरी पोहोचत होत्या, त्यांपैकी अनेकींना पन्नास-साठपर्यंत मोजताच येत नव्हते.

येथे दोन मार्ग होते. सुईणींना बाजूस सारून शिकलेला कर्मचारी शोधणे हा एक, आणि सुईणीच्या हाताला जुळेल असे साधन घडवणे हा दुसरा. बंग दांपत्याने दुसरा मार्ग निवडला. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी असा श्वासमापक त्यांनी तयार केला. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी तांबड्या मण्याची पाळी आली तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजून औषध द्यायचे. गावपातळीवरील या उपचारपद्धतीने न्यूमोनियाचे मृत्यू लक्षणीय प्रमाणात घटले, हा निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्या श्वासमापकाचे वर्णन पुढे १९९२ मध्ये भारतीय बालरोगविषयक नियतकालिकात आले.

या साधनाला वीज लागत नाही आणि त्याची किंमतही नगण्य. तरीही मी त्याला उच्च दर्जाचे संशोधन मानतो, कारण त्यात तीन गोष्टी एकत्र आल्या. प्रश्न जेथे होता तेथेच तो मांडला गेला. साधन वापरणाऱ्या व्यक्तीच्या क्षमतेवरून ते बेतले गेले. आणि त्याचा परिणाम मुलांच्या जगण्यात मोजला गेला. पुढील विवेचनात हीच तीन मापे मी आपल्या घरांना, कामाच्या जागांना आणि रस्त्यांना लावून पाहणार आहे.

न्हाणीघरातली चूल

ऊर्जेच्या प्रश्नापासून प्रारंभ करू. लाकूडफाट्याचा धूर मुलांच्या फुप्फुसांना घातक आहे, हे बहुतेक निरीक्षणात्मक अभ्यास सांगत आले. त्यावर सुधारित चूल हा उपाय पुढे आला. आपल्या देशात १९८० च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात कोट्यवधी चुली वाटल्या गेल्या. २००२ मध्ये केंद्र शासनाने तो थांबवला. चुली किती वाटल्या याचा हिशेब ठेवला गेला; किती पेटत राहिल्या, किती धुरांडी काजळीने बुजली आणि घरातील मुलांचे काय झाले, हे पुष्कळ ठिकाणी कोणी पाहिले नाही.

पुढे शास्त्रशुद्ध चाचण्या झाल्या. ग्वाटेमालातील धुरांड्याच्या चुलीच्या चाचणीत (निष्कर्ष प्रसिद्ध : २०११) एकूण न्यूमोनियातील घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरली नाही, तीव्र न्यूमोनिया मात्र सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. मलावीमध्ये दहा हजारांहून अधिक मुलांवर, पंखा जोडलेल्या आधुनिक चुलीची चाचणी झाली. २०१६ मध्ये निष्कर्ष आला की न्यूमोनियात फरक पडला नाही. त्यानंतर तमिळनाडूसह चार देशांतील कुटुंबांना थेट स्वयंपाकाचा गॅस देऊन पाहिले गेले. श्वासावाटे आत जाणारे सूक्ष्म कण सुमारे दोन तृतीयांशाने घटले. तरीही २०२२ मध्ये जन्मवजनाचे आणि २०२४ मध्ये तीव्र न्यूमोनियाचे जे निष्कर्ष आले, त्यांत अपेक्षित लाभ दिसला नाही.

याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे असा मुळीच नव्हे. दमा, मातेचा श्वसनविकार, डोळ्यांचे त्रास आणि भाजण्याचे अपघात हे प्रश्न उरतातच. पण यंत्राची कार्यक्षमता आणि मुलाचे आरोग्य ही दोन वेगळी मोजमापे आहेत. पहिल्यावरून दुसरे गृहीत धरता येत नाही, हे या चाचण्यांनी शिकवले. विषाणू, कुपोषण, लसीकरण, शेजारच्या घरचा धूर अशा अनेक गोष्टी मध्ये येतात.

आपल्या तालुक्यांत तर आणखी एक खास गोष्ट मध्ये येते. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली. गोव्यात त्याच्या पुष्कळ आधीपासून बहुतेक स्वयंपाकघरांत गॅस होता. तेव्हा कोणी मातेला 'घरात धूर होतो का?' असे विचारले, तर ती प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते. मी प्रश्न बदलला : 'बाळाच्या आंघोळीचे पाणी कशावर तापवता?' आणि उत्तरही बदलले. न्हाणीघरात तांब्याचे भाण चुलीवर चढलेले असते आणि खाली झावळ्या, सोडणे, करवंट्या धुमसत असतात. बाळंतिणीला आणि बाळाला कढत पाण्याने न्हाऊ घालायचे ते त्याच कोंदट जागेत. त्यावर ओव्याची किंवा उदाची धुरी. महिन्याभराच्या बाळाचा दिवसातला सर्वांत दाट धूर त्याला अत्यंत प्रेमाने दिलेला असतो.

आजीबाईंना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. इंधन बागेत फुकट मिळते, आणि बाळंतिणीला भरपूर गरम पाणी हवे हा त्यांचा आग्रहही चुकीचा नाही. सौर बंब हा उघड पर्याय. पण नेमक्या पावसाळ्यात, जेव्हा लाकडे ओली आणि धूर सर्वाधिक, तेव्हाच तो दुबळा पडतो. येथे उपयोजित संशोधनाला खरे काम आहे : गोव्याच्या चार महिन्यांच्या पावसात चालेल, झावळ्या-सोडणांवर पेटेल, धूर छपराबाहेर नेईल आणि आजीला सहज हाताळता येईल असा बंब. काम लहान आहे, पण मण्यांच्या श्वासमापकाच्या जातीचे आहे.

कामाची जागा घरापर्यंत येते

कामगारांचे आरोग्य हा विषय बालरोगतज्ज्ञाच्या कक्षेबाहेरचा मानला जातो. प्रत्यक्षात कामाची जागा आईबापांच्या कपड्यांवरून आणि हातांवरून घरी येत असते.

काजूच्या कारखान्यांचेच पाहा. काजूच्या टरफलात दाहक तेल असते. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उतणे म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या तेलाची ओळख वेगळी करून द्यायला नको. टरफल फोडणाऱ्या स्त्रियांची बोटे काळवंडतात, कातडी सोलवटते. हातमोजे घातले तर कामाचा वेग मंदावतो आणि मजुरी कामाच्या मापावर असते. त्याच हातांनी संध्याकाळी बाळाला घेतले जाते. पूर्वी बिया फिरत्या पिंपात भाजत, तेव्हा सारा कारखाना झोंबऱ्या धुराने भरून जाई. वाफेवर शिजवण्याची पद्धत आली आणि कामगारांचा हा त्रास पुष्कळ उणावला. तंत्रज्ञानाचे हे निःसंशय यश होय. पण बाष्पकाच्या भट्टीत टरफलेच जाळली गेली, तर तोच झोंबरा धूर आतून निघून धुरांड्यावाटे शेजारच्या वाड्यावर उतरतो. कारखान्याच्या आत मोजणाऱ्याला सुधारणा दिसते. वाड्यावरच्या मुलाला ती दिसतेच असे नाही.

दुसरे उदाहरण मध्य प्रदेशातील मंदसौरचे. आपण लहानपणी ज्या पेन्सिलींनी पाटीवर मुळाक्षरे गिरवली, त्या दगडी पेन्सिली कापणाऱ्या मजुरांना ऐन तारुण्यात सिलिकोसिस होत असे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने तेथील धूळ आणि तेथील छात्या दोन्ही तपासल्या, तेव्हा त्या व्याधीचे खरे रूप पुढे आले आणि धूळ उगमापाशीच ओढून घेणारी यंत्रणा बसवण्याला बळ मिळाले. अभियंता आणि वैद्य एकाच प्रश्नावर एकत्र बसले म्हणून हे घडू शकले. एकट्या अभियंत्याने धूळ मोजली असती, एकट्या वैद्याने क्षयाची औषधे देत राहावे लागले असते.

दिसणारी धूळ, न दिसणारी धूळ

आता डिचोलीच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. येथील लोहखनिज ट्रकांनी मांडवीकाठच्या धक्क्यांवर जाते आणि तेथून बार्जांनी मुरगाव बंदरात. २०१०-११ मध्ये गोव्यातून झालेली निर्यात पाच कोटी टनांच्या घरात गेली होती. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने वार्षिक दोन कोटी टनांची मर्यादा घातली. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा शांतता पसरली. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या गटांचे लिलाव सुरू झाले, आणि २०२४ पासून डिचोली गटात यंत्रे पुन्हा फिरू लागली.

खाणपट्ट्याचा शास्त्रीय अभ्यास झालाच नाही असे कोणी म्हणू नये. 'टेरी' या संस्थेने १९९७ मध्येच संपूर्ण पट्ट्याचा पर्यावरण व्यवस्थापन आराखडा तयार केला होता. ताडपत्रीने झाकलेले ट्रक, पाणी शिंपडणारे टँकर, चाके धुण्याच्या जागा, गावाबाहेरून जाणारे खास रस्ते, सरकते पट्टे हे उपाय माहीत नाहीत अशी स्थिती नाही. प्रश्न आहे तो यांपैकी कोणता उपाय कोणत्या धुळीवर चालतो, हा.

रस्त्यालगतच्या माडांवर आणि कौलांवर बसणारी तांबडी धूळ बहुतांशी जाड कणांची असते. ती नाकात अडकते, डोळ्यांत जाते, खोकला आणते. तिचा त्रास खरा आहे. परंतु फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात ते अडीच मायक्रॉनहून लहान कण, आणि त्यांचा एक मोठा पुरवठादार म्हणजे डिझेलचे इंजिन. टँकरने पाणी मारले की तांबडा लोट बसतो, छायाचित्र चांगले येते, तक्रारी कमी होतात. रांगेत धडधडत उभ्या असलेल्या ट्रकांचा निळसर धूर मात्र तसाच राहतो. लोहाची धूळ स्वतः तुलनेने सौम्य, पण तिच्यासोबत येणारी सिलिका खाणीतल्या कामगाराला घातक. म्हणजे 'धूळ' या एका शब्दाखाली तीन निरनिराळे शत्रू दडले आहेत, आणि प्रत्येकाचे शस्त्र वेगळे आहे. सरकता पट्टा किंवा विजेवर चालणारे वाहन यांचा विचार ऊर्जाबचत म्हणून होतो. मला त्यांचे मोल वाटते ते न दिसणारी धूळ कमी करणारे उपाय म्हणून.

मोजमापाची स्थिती काय? भारतीय मानकाप्रमाणे अडीच मायक्रॉनखालील कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे; जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस ५ मायक्रोग्रॅम आहे. राष्ट्रीय हवा तपासणी कार्यक्रमाची रचना आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे वर्षातून १०४ दिवस, नमुने घेण्याची आहे. ती व्यवस्था उपयुक्तच आहे. पण उरलेल्या दिवसांतही मुले श्वास घेतात, आणि तपासणी केंद्राचे छप्पर म्हणजे अंगणवाडीचे अंगण नव्हे.

दवाखान्याच्या नोंदवहीचे सामर्थ्य

येथे आपला, म्हणजे वैद्यक व्यावसायिकांचा, संबंध येतो. अमेरिकेतील यूटा राज्यात एका खोऱ्यातील पोलाद कारखाना कामगार तंट्यामुळे ऑगस्ट १९८६ ते सप्टेंबर १९८७ असा तेरा महिने बंद राहिला. आर्डेन पोप नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने रुग्णालयांच्या नोंदी काढून पाहिल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनविकाराने दाखल झालेल्या मुलांची संख्या बंद काळातील हिवाळ्याच्या दोन-तीन पट होती. हे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि सूक्ष्म कणांविषयीच्या पुढील साऱ्या चर्चेत त्यांचा आधार घेतला गेला. त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागले नाही. दाखल रुग्णांची साधी, तारीखवार, सलग नोंद पुरली.

दक्षिण कॅलिफोर्नियात याची दुसरी, अधिक आशादायक बाजू दिसली. हवा सुधारत गेलेल्या काळात मुलांच्या तीन पिढ्या तपासल्या गेल्या. वयाच्या पंधराव्या वर्षी फुप्फुसांची क्षमता चिंताजनक रीतीने कमी असलेल्या मुलांचे प्रमाण पहिल्या गटात ७.९ टक्के होते, दुसऱ्यात ६.३ आणि तिसऱ्यात ३.६ टक्के, हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. बालकाचे फुप्फुस क्षमाशील असते, मात्र आपण वेळेत हवा सुधारली तर.

यूटाला जो प्रयोग तेरा महिने मिळाला, तो डिचोलीला नियतीने दोनदा, वर्षानुवर्षे दिला. पण खासगी दवाखान्यातील कागद उपचारासाठी लिहिलेले असतात. संशोधनाच्या प्रश्नासाठी ते मांडलेले नसतात. मागील काळाची तुलना आता अवघडही झाली आहे, कारण २०२० ची महासाथ आणि २०२१ पासून देशभर दिली जाऊ लागलेली न्यूमोकॉकल लस या दोन गोष्टींनी न्यूमोनियाचे चित्रच पालटले. म्हणून मागे पाहत बसण्यापेक्षा पुढची नोंद आज सुरू करणे श्रेयस्कर.

पेडणे आणि डिचोली एकत्र का?

लोहखनिजाच्या पट्ट्यात पेडणे तालुका येत नाही. पाऊस तोच, अन्न तेच, न्हाणीघर तेच, लसीकरणाचे वेळापत्रक तेच. फक्त खनिजाचा रस्ता नाही. शास्त्रीय भाषेत याला तुलनागट म्हणतात, आणि असा तुलनागट शेजारीच मिळणे हे संशोधकाचे भाग्य असते. पावसाळ्यात खाणी थांबतात हे खरे. पण त्याच दिवसांत विषाणूजन्य आजार वाढतात, म्हणून जुलैची तुलना जानेवारीशी करून काही निष्पन्न होणार नाही. मयेच्या जानेवारीची तुलना मांद्र्याच्या जानेवारीशी केली, तर काही बोलता येईल.

पेडण्याला स्वतःची कारणेही आहेत. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाच्या पठारावरून विमाने उडू लागली. रुंद झालेला महामार्ग, वाढती बांधकामे, चिरेखाणी आणि वाढती वाहतूक यांनी त्या शांत तालुक्याचा चेहरा बदलत आहे. डिचोलीकर आज 'पूर्वी हवा कशी होती' हे आठवणीने सांगतात. पेडणेकरांना ते आकड्यांत सांगता यावे, एवढी संधी अजून शिल्लक आहे.

यास्तव आपल्या संघटनेपुढे मी एक मर्यादित प्रस्ताव ठेवतो. दोन्ही तालुक्यांतील इच्छुक दवाखान्यांनी पाच वर्षांखालील, खोकला वा धाप असलेल्या प्रत्येक मुलाची एक ओळ लिहावी : तारीख, वय, गाव व वाडा, मिनिटाचे श्वास, छातीत घरघर आहे वा नाही, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, न्यूमोकॉकल लस झाली वा नाही, न्हाणीघरात चूल आहे वा नाही, आणि खनिजाचा रस्ता घरापासून हाकेच्या अंतरावर आहे का. नाव नको, क्रमांक पुरे. आचारसंहिता समितीची संमती आधी घ्यावी. एवढ्या नोंदीला एक मिनिट लागते. त्यातले बहुतेक आपण नाहीतरी विचारतोच.

दुसरा भाग अभियंत्यांचा. अल्प किमतीची कणमापक यंत्रे आता सहज मिळतात. गोव्याच्या दमट हवेत ती चढे आकडे दाखवतात, म्हणून प्रमाणित केंद्राशेजारी ठेवून आधी त्यांची पडताळणी करणे अनिवार्य आहे. डिचोलीच्या शासकीय तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्यांनी हे काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केले, तर काही अंगणवाड्या आणि शाळांच्या अंगणांत वर्षभराचे मोजमाप उभे राहील. सांख्यिकी विश्लेषणासाठी १८४२ पासूनची वैद्यकीय शिक्षणाची परंपरा सांगणारे आपले गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहेच. निधीचेही निमित्त पुढे करता येणार नाही. २०१५ च्या कायदादुरुस्तीने आलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानांच्या निधीतून खाणबाधित भागाचे आरोग्य, पेयजल आणि प्रदूषण नियंत्रण यांना अग्रक्रम देण्याचे धोरण आहे.

आक्षेप आणि उत्तर

'हा खाणींना विरोध आहे का?' असे मला विचारले जाईल. तसे नाही. खाण थांबली त्या वर्षांत ट्रकांचे हप्ते थकलेली, शाळेची फी आणि बाळाचे दूध यांत निवड करणारी कुटुंबे मी तपासणीच्या खोलीत पाहिली आहेत. वजनाचा आलेख तेव्हाही खाली गेला होता, फक्त कारण वेगळे होते. बेकारीही मुलाच्या अंगावर उमटते. म्हणूनच खाण हवी की नको या जुन्या वादात मला पुन्हा उतरायचे नाही. ती चालणार असेल तर कोणत्या पद्धतीने चालल्यावर मुले कमी आजारी पडतात, हे समजून घ्यायचे आहे. झाकलेला ट्रक, धुतलेले चाक, वेगळा रस्ता, सरकता पट्टा यांपैकी कशाने खरोखर फरक पडला, हे कळाले तर ते उद्योगालाही हवेच असले पाहिजे. निरुपयोगी उपायांवर पैसा घालवण्यात कोणाचेच हित नाही.

'आकडे आपल्या अपेक्षेविरुद्ध आले तर?' हा दुसरा प्रश्न अधिक चांगला आहे. येऊ शकतात. चुलींच्या चाचण्यांत तसेच झाले, आणि त्या संशोधकांनी ते प्रामाणिकपणे छापले. कदाचित आपल्याला असे आढळेल की खनिजाच्या रस्त्यापेक्षा न्हाणीघरातल्या चुलीचा वाटा मोठा आहे, कदाचित उलटही. दोन्ही उत्तरांचा उपयोग आहे, कारण दोन्हींवर वेगवेगळे काम करता येईल. न मोजल्याने मात्र दोन्ही पक्ष आपापल्या जागी निश्चिंत राहतात आणि मूल धापत राहते.

'आमचे काम उपचाराचे, संशोधन मोठ्या संस्थांनी करावे' हा आक्षेप मी नम्रपणे नाकारतो. मोठ्या संस्था येतात, वर्ष-दोन वर्षे मोजतात, अहवाल देऊन जातात. येथे वीस-पंचवीस वर्षे बसून तेच वाडे, तीच कुटुंबे, आणि आता त्या मुलांची मुले पाहणारे आपणच असतो. सलगता हे आपले भांडवल आहे आणि ते विकत मिळत नाही.

या वर्षी खनिजवाहतुकीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी दोन्ही तालुक्यांतील दहा दवाखान्यांनी जरी ही एक ओळ लिहायला प्रारंभ केला, तरी पुढच्या स्मरणिकेत मतांऐवजी आकडे छापता येतील. ज्या सदस्यांची तयारी असेल त्यांनी आगामी सर्वसाधारण सभेत आपले नाव द्यावे. नोंदीचा नमुना मी तयार ठेवतो.